ब्यूरोला काय विचारायचं?

घरात कोणी अंथरुणाला खिळलं की दोन दिवसांत एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसतो, 'ब्यूरो'. पेशंट सांभाळायला मावशी देणारा ब्यूरो. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तो शोधायचं काम माझ्याकडे आलं. (आयटीवाला म्हणजे फोनवर बोलायला मोकळाच, असा घरचा समज. असो.)

पाच-सहा ठिकाणी फोन केले. सगळीकडे तेच पाठ केलेलं उत्तर : "ट्रेन्ड स्टाफ आहे सर, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, बाई नाही पटली तर बदलून देऊ."

म्हटलं, सरकारी नियम तरी बघू. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात वृद्धाश्रमांचा विचार आहे, पण घरी माणूस पाठवणाऱ्या संस्थांचा नाही. त्यांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालंच नाही, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा बारगळलं. थोडक्यात, पारख आपणच करायची.

तर पहिला प्रश्न : 'ट्रेन्ड' म्हणजे काय? एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन. या नर्सेसची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते, तो नंबर मागता येतो. इंजेक्शन, नळीतून अन्न, जखमेचं ड्रेसिंग असेल तर नर्सच हवी. अंघोळ, डायपर, धरून चालवणं याला चांगली अटेंडंट पुरते. अटेंडंटला 'सिस्टर' म्हणून नर्सचे पैसे घेतात तिथे सरळ फोन ठेवावा.

दुसरा : मावशी पाठवायच्या आधी पेशंटला बघायला कोणी येणार का? घरी येऊन, बघून, कामांची यादी लिहून देणारा ब्यूरो एकच निघाला. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही लाली गेली नाही, तर ती सुरुवात समजायची. हे वहीत वेळ घालून लिहिलं जातं का, ते विचारा.

तिसरा : मावशी आली नाही तर? "चार तासांत बदली" हे उत्तर ऐकायला छान वाटतं. आमच्याकडे पहिल्या ब्यूरोने पंधरा दिवसांत तीन मावश्या बदलल्या. आजीला बसवूनच पाणी पाजायचं, नाहीतर ठसका लागतो, हे आईने तिघींना नव्याने सांगितलं. शेवटी आजीच म्हणाली, "रोज नव्या बाईसमोर कपडे काढायची लाज वाटते गं." बदली मिळाली, पण निरोप कोण देणार? ज्या ब्यूरोत जाणारी मावशी येणारीला तासभर सोबत घेऊन काम दाखवते, तो खरा.

आणि चौथा, जो ब्यूरोला विचारून उपयोग नाही. तो मावशीलाच विचारायचा : तुमच्या हातात किती पडतात? सुट्टी कधी मिळते? आमच्या तिसऱ्या मावशींनी सांगितलं, "दादा, इथे यायच्या आधी सोळा दिवस एकाच घरी चोवीस तास होते." आम्ही भरत होतो त्यातला तिसरा हिस्सा ब्यूरोकडेच राहत होता. सोळा दिवस न झोपलेली बाई रात्री दर दोन तासांनी उठून कूस कशी बदलणार? आणि दोन पैसे जास्त मिळाले की ती दुसरीकडे जाणारच, मग पुन्हा नवी मावशी.

आता जो ब्यूरो ठरवलाय तो महाग आहे. दिवसपाळी वेगळी, रात्रपाळी वेगळी, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी येणारी बाईही ठरलेली. बाबांना सुरुवातीला हिशोब पटला नाही. पण दोन महिने झाले, वही रोज भरली जाते, आजीच्या टाचा स्वच्छ आहेत, आणि मावशी कधी येणार हे आजी घड्याळ न बघता सांगते.