तीन वर्षांचे रविवार

दोस्तांनो, ही संख्या एका दमात वाचा पाहू:

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

अडखळलात ना? साहजिकच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांच्या स्थानांची नावं परार्धापर्यंत जातात आणि तिथे थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली ही एकवीस आकडी संख्या त्याच्याही पुढची. १४७५ परार्ध आणि वर बरंच काही! पण ती तयार होते अगदी सोप्या रीतीने. एकाची दुप्पट, तिची दुप्पट, असं सदुसष्ट वेळा करा आणि शेवटी एक वजा करा. झालं!

१६४४ साली मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी लिहून ठेवलं, की ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. एवढी मोठी संख्या तपासणार कोण? सव्वादोनशेहून जास्त वर्षं गेली. मग १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञांनी दाखवलं, की ती मूळ नाही, तिचे अवयव पडतात. कोणते? ते मात्र त्यांच्या रीतीतून कळत नव्हतं! मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. पेटी हलवली की आत काहीतरी खुळखुळतंय हे नक्की, पण पेटी काही उघडत नाही.

ती उघडली अमेरिकेच्या फ्रँक कोल यांनी. ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्कला गणितज्ञांची सभा भरली होती. सांगतात, की कोलसाहेब फळ्यापाशी गेले आणि एका बाजूला त्यांनी ही संख्या काढली. दुसऱ्या बाजूला मांडलं:

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

गुणाकार पुरा केला. दोन्ही उत्तरं एकच! एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले. हे शोधायला किती वेळ लागला, असं कोणी विचारल्यावर म्हणाले म्हणे, “तीन वर्षांचे रविवार.”

एवढे? हो! या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला १३४ ने भागलं तर बाकी १ च उरते. त्यामुळे बाकीच्या संख्या सोडून देता येतात. तरीही १३५, २६९, ४०३ अशी रांग लावली, तर आपला लहान अवयव १४,४५,५८० वा येतो! कोल यांनी आणखी युक्त्या लढवून ही रांग छाटली, तरी रविवार लागले ते लागलेच.

मी हा गुणाकार चौकटीच्या वहीत करून पाहिला. एक दुपार पुरली. माझ्या पुतणीने विचारलं, “काका, पण त्या शोधाचा उपयोग काय झाला?” तेव्हा काहीच नाही, असं मी सांगितलं. आज मात्र गुप्त संदेशांची काही कुलपं याच अडचणीवर चालतात: गुणाकार सोपा, अवयव महाकठीण. त्यांतल्या संख्या शेकडो आकडी असतात. कोल यांची संख्या आजचा संगणक चुटकीसरशी फोडतो. पण कोलना कुलपं कुठे ठाऊक होती? त्यांना फक्त ते दोन आकडे हवे होते.

तुम्हीही करून बघा. आधी एक झटपट परीक्षा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तिची १०, तिची १. दुसऱ्याची ६४, मग १०, मग १. एक गुणिले एक, एक. आता मोठ्या संख्येचे अंक तुम्ही मिळवा. (ही परीक्षा फसली तर गुणाकार नक्की चुकलाय. जमली तरी पक्की खात्री नाही हं!) खात्रीसाठी आठ ओळी मांडायलाच हव्यात. त्यात सात तीनदा येतो, म्हणून साताची ओळ एकदाच काढा, पुढे नुसती उतरवा.