सातपुड्याच्या पायथ्याशीं पहाटेचें धांवणें

नंदुरबारला तीन महिन्यांसाठीं जावयाचें आहे असें मीं घरीं सांगितलें, तेव्हां सर्वांना प्रथम आठवण झाली ती मिरच्यांची. आमच्याकडे तीन भावांचे संसार अद्याप एकाच चुलीवर चालतात. त्यामुळें वर्षाच्या तिखटाचा प्रश्न लहान नसतो. मोठ्या काकूंनीं लगोलग कागद घेऊन यादी करून दिली. पण माझ्या बॅगेंत कपड्यांच्या वर धांवण्याचे बूट दिसतांच त्यांनीं कपाळास हात लावला. "परक्या गांवींही अर्धी चड्डी घालून रस्त्यानें पळणार का तूं? निदान दादाची अब्रू तरी राख!" दादा म्हणजे माझे चुलतबंधू. ते गेलीं पंधरा वर्षें तेथें वकिली करितात, व माझा मुक्काम त्यांच्याच घरीं व्हावयाचा होता.

माझें हें धांवणें वयाच्या शेचाळिसाव्या वर्षीं सुरू झालें. रक्तांतील साखरेचा आंकडा दाखवून डॉक्टरांनीं भीति घातली, आणि मी पुण्यास वेताळ टेकडीवर दर रविवारीं धांवणाऱ्या एका मंडळींत जाऊन मिसळलों. आज त्याला सहा वर्षें झालीं. मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारें घड्याळ, पायांत महागडे बूट, आणि धांवून झाल्यावर पोहे व चहा, असा आमचा थाट असतो. या छंदानें माझी साखर उतरली हें खरें. परंतु त्याबरोबरच धांवण्याच्या शास्त्रांत आपणांस बरेंच कळूं लागलें आहे असा एक ग्रहही मनांत वाढला. त्याचें काय झालें तें पुढें येईलच.

नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. उत्तरेस नर्मदा ही त्याची सीमा, मधून तापी वाहते, आणि दोहोंच्या मध्यें सातपुडा पसरलेला आहे. १९११ नव्हे, २०११ च्या शिरगणतीप्रमाणें (जुन्या गॅझेटियरांतून डोकें काढलें कीं शतकाची चूक होतेच) येथील शंभर माणसांपैकीं सुमारें एकोणसत्तर आदिवासी आहेत: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. बाजारांत उभें राहिलें असतां एका कानावर अहिराणी पडते, दुसऱ्यावर गुजराती. आणि डोंगरांतून उतरलेलीं माणसें आपसांत पावरी किंवा भिलोरी बोलत असतात. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचें हें गांव पुणेकराला दूरचें वाटतें, पण सुरतेला तें शेजारचें आहे.

पहिल्या दिवशीं पहाटे पांचास मी एकटाच निघालों. पौषाची थंडी मजबूत होती. गांव संपतांच एकाएकीं घशांत असा ठसका उठला कीं थांबून डोळे पुसावे लागले. उजाडूं लागल्यावर कारण दिसलें. रस्त्याच्या बाजूस जेथवर नजर जाईल तेथवर लाल मिरची वाळत घातलेली होती. या वाळवणाच्या मैदानांना येथें पथारी म्हणतात. लाल गालिचा हा शब्द आपण सत्कारसमारंभासाठीं वापरतों. पण तो खरा पाहावयाचा असेल तर हिंवाळ्यांत नंदुरबारास यावें, व नाकाशीं रुमाल घेऊन यावें. मी असा खोकत उभा असतांना समोरून सहासात माणसें हंसत धांवत आलीं. त्यांतले एक म्हणाले, "नवे दिसतां आपण. येथें आधीं वारा कोणीकडचा आहे तें पाहावें, मग रस्ता धरावा!" ते गृहस्थ डॉक्टर होते. बरोबर दोन शिक्षक, एक बियाण्यांचे व्यापारी, पोस्टांतल्या एक बाई अशी मंडळी होती. त्या दिवसापासून मी त्यांचा झालों.

त्यांचा नित्याचा मार्ग गांवांतून शिरीषकुमारांच्या स्मारकावरून जात असे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं या गांवांत विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली, पोलिसांनीं गोळी झाडली, आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती ठार झाले. शिरीषकुमार तेव्हां अवघा पंधरा वर्षांचा होता. मंडळी तेथें कांहीं बोलत नसत. फक्त पावलें थोडीं सावकाश पडत. पुण्यांत आम्ही इतक्या ठिकाणांवरून धांवतों, पण कोठें पाऊल सावकाश टाकावें असा विचार मला कधीं सुचला नव्हता.

शेवट मैदानावर होई, आणि खरें धांवणें तेथें चाले. चाळीस-पन्नास तरुण मुलें व दहाबारा मुली अंधारांतच येऊन फेऱ्या घालीत. एकदोघांच्या पायांत बरे बूट. बाकीचीं कॅनव्हासच्या फाटक्या जोड्यांत, कांहीं अनवाणीच. हीं पोलीस भरतीचीं मुलें. आमच्या मंडळींतले व्यायामशिक्षक, ज्यांना सारे सरच म्हणत, ते त्यांना फुकट शिकवीत. भरतीच्या मैदानी परीक्षेस पन्नास गुण असतात. त्यांपैकीं वीस एका लांब धांवेस, मुलग्यांना १६०० मीटर व मुलींना ८००; उरलेले शंभर मीटरांची धांव व गोळाफेक यांस. सोळाशें मीटर पांच मिनिटें दहा सेकंदांत झाले तर वीसही गुण. एक सेकंद अधिक लागला कीं उतरण सुरू. आम्ही ज्या सेकंदांच्या बढाया पोहे खातांना मारतों, त्याच सेकंदांवर येथें एका कुटुंबाची पगाराची नोकरी लटकत होती.

मैदानाच्या बांधावर एका मुलीची आजी रोज घोंगडी पांघरून बसे. नातीला अंधारांत एकटी कशी सोडावी म्हणून ती बरोबर येई. तिला मराठी येत नव्हतें, मला पावरी येत नव्हती. पण नात पुढें निघाली कीं ती माझ्याकडे पाहून अशी मान हलवी, कीं जणूं शर्यत आम्ही दोघांनींच जिंकली!

तें दृश्य पाहतांना मला वारंवार एक जुनी गोष्ट आठवे. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहत असतां सर दोराबजी टाटांना दिसलें, कीं अनवाणी धांवणारे साधे शेतकरी युरोपांतल्या खेळाडूंच्या वेळेजवळ येत आहेत. त्यांतूनच १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले, आणि फडेप्पा चौगुले यांनीं मॅरेथॉनमध्यें एकोणिसावा क्रमांक मिळविला. अलीकडे, २०१० सालीं, नाशिक जिल्ह्यांतल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत दहा हजार मीटरांत कांस्यपदक घेतलें. हें सर्व मी मुलांना मोठ्या उत्साहानें सांगें. तीं ऐकून घेत, व मग विचारीत, "काका, तुमच्या घड्याळांत माझी वेळ किती आली?"

त्यांत धडगांवकडच्या एका पाड्यावरचा एक मुलगा होता. आईबाप दिवाळीनंतर ऊंसतोडीला गुजरातेंत गेलेले. हा मामाकडे राहून संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पथारीवर मिरची उलथण्याचें काम करी, आणि पहाटे मैदानावर येई. त्याची वेळ पांच मिनिटें सव्वीस सेकंद. म्हणजे चारशें मीटरांच्या फेरीमागें चार सेकंद कमी करावयाचे. चार सेकंद! मला वाटलें, सर फार सावकाश घेतात. हा मुलगा माझ्या हातीं महिनाभर द्यावा, मी करून दाखवितों.

संधि आली. माघी पौर्णिमेच्या सुमारास सर आठ दिवस परगांवीं गेले. एके दिवशीं तो मुलगा रात्रभर काम करून उशिरां, नऊ वाजून गेल्यावर मैदानावर आला. पोटांत कांहीं नव्हतें. ऊन चढूं लागलें होतें. तरीही मीं त्याला सहा वेगवान फेऱ्या घालावयास लावलें. मध्यें विश्रांति एकेक मिनिट. चौथ्या फेरीनंतर तो म्हणाला, "काका, पाय भरून आले." पुण्याच्या मंडळींत ऐकलेलें एक वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतें. मीं म्हटलें, "भरूं देत, खरी कमाई येथूनच सुरू होते." तो बिचारा आज्ञाधारक. पांचवी फेरी त्यानें पुरी केली. सहावींत अर्ध्यावर गुडघ्यांत वांकला आणि खालीं बसला तो उठेना. मांड्या व कंबर यांत असह्य वेदना.

डॉक्टर पंधरा मिनिटांत आले. त्यांनीं त्याला सांवलींत निजविलें, पोटऱ्या चांचपल्या. साध्या पेटक्यांत त्या दगडासारख्या होतात. ह्याच्या मऊ होत्या, पण त्यांत बळ नव्हतें. डॉक्टरांनीं एकच प्रश्न विचारला: "सिकलचा तपास झाला आहे का रे?" झाला होता, आश्रमशाळेंत असतांना. कार्ड पाड्यावर पेटींत ठेवलेलें. "त्यावर काय लिहिलें होतें?" "वाहक." डॉक्टर माझ्याकडे पाहून कांहीं बोलले नाहींत, आणि तें मला अधिक लागलें.

या भागांतील आदिवासींत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो. त्यांत रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारखा आकार घेतात. आईबाप दोघांकडून दोष आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर तें केवळ वाहक. वाहक माणूस सामान्यतः निरोगी असतो, धांवूं शकतो, नोकरी करूं शकतो. फक्त उन्हांत, पाणी न पितां, विश्रांति न घेतां सर्व बळ पणास लावलें, तर त्याच्याही पेशी वांकड्या होऊन स्नायूंना रक्त पोंचेनासें होतें. स्नायू मोडूं लागतात, व त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. क्वचित् प्राणही जातो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याच्या वेळीं आजाराचा धोका चारांत एक असतो. म्हणून डॉक्टर तेथल्या तरुणांना सांगत असतात, कीं पत्रिका पाहा अगर न पाहा, हें कार्ड आधीं पाहा. १ जुलै २०२३ पासून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, व तपासण्या पाड्यापाड्यांवर होतात. पण कार्ड पेटींत, आणि मुलगा माझ्यासारख्याच्या हातीं!

दोन दिवस तो रुग्णालयांत होता. शिरेंतून सलाईन चाललेलें, लघवीचा रंग चहासारखा. दोन्ही रात्रीं मी बाकावर बसून काढल्या. वहिनी डबा पाठवीत, कळण्याची भाकरी व भरीत. त्यांतलें अर्धें त्याचा मामा खाई, माझ्या घशाखालीं उतरत नसे. तिसऱ्या दिवशीं लघवी स्वच्छ झाली, रक्ताचे आंकडे उतरले, आणि त्यानें डोळे उघडून पहिली गोष्ट विचारली ती ही: "काका, पांचव्या फेरीची वेळ किती होती?" मला सांगवलें नाहीं. ती त्याची सर्वांत चांगली फेरी होती.

सर परत आल्यावर मीं त्यांना सर्व हकीकत सांगितली. ते रागावले नाहींत. त्यांनीं एक वही काढून दाखविली. तींत प्रत्येक मुलाचें नांव, गांव, वजन व एक चौकट होती. त्या मुलाच्या चौकटींत तांबड्या शाईनें खूण होती. "म्हणूनच मी सावकाश घेतों," एवढेंच ते म्हणाले. वही मैदानावरच्या खोलींत रोज माझ्यासमोर पडलेली असे. मीं ती उघडून पाहिली नव्हती.

तीन आठवड्यांनीं डॉक्टरांच्या परवानगीनें तो पुन्हां धांवूं लागला. नियम बदलले. सातनंतर धांवावयाचें नाहीं. येण्यापूर्वीं भाकरी खाल्लीच पाहिजे. प्रत्येक फेरीनंतर दम पूर्ण खालीं येईपर्यंत चालावयाचें. पाय भरले कीं थांबावयाचें, व थांबल्याबद्दल कोणी कांहीं बोलावयाचें नाहीं. व्यापारी गृहस्थांनीं दोन माठ आणून ठेवले. माझ्याकडे काम आलें तें माठ भरण्याचें. घड्याळ मीं सरांच्या स्वाधीन केलें.

फाल्गुनाच्या अखेरीस, माझें निघणें जवळ आलें तेव्हां, मंडळी तोरणमाळास गेली. प्रकाशाला तापी ओलांडून शहाद्यावरून वाट जाते. डोंगर लागला कीं सात-पायरीचा घाट वळणावर वळणें घेत चढतो. वर पठार अकराशें मीटरांहून उंच. आम्ही घाटाच्या पायथ्यापासून पायांनीं निघालों. उंचीवर जपून असावें म्हणून त्या मुलाला डॉक्टरांनीं चालण्याचीच ताकीद दिली होती. तो चालत होता आणि मी धांवत होतों. तरी आमच्यांतलें अंतर वाढतच होतें. मोहाच्या झाडांखालीं फुलें पडूं लागलीं होतीं व बायका पहाटेपासून तीं वेंचीत होत्या. माझें धापा टाकणें पाहून त्यांतली एक दुसरीला कांहीं म्हणाली आणि सगळ्या हंसल्या. अर्थ विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

वर यशवंत तलावाच्या कांठीं आम्ही बसलों. महाशिवरात्रीची गोरखनाथाची जत्रा होऊन गेली होती. मुलानें दूर डोंगरांत अस्तंब्याचें शिखर कोणीकडे तें हात करून दाखविलें. धनत्रयोदशीस तेथें अश्वत्थाम्याची यात्रा भरते. महाराष्ट्रांतून, गुजरातेंतून लोक रात्रीं कडे चढून जातात. आपल्या घरीं अश्वत्थामा चिरंजीवांच्या नांवांत येतो, तेवढाच. येथें तो कपाळाच्या जखमेस तेल मागत अजून डोंगरांत फिरतो. "तुला भेटला कधीं?" मीं विचारलें. "नाहीं. बापाला वाट चुकल्यावर एकानें रस्ता दाखविला होता. बाप म्हणतो, तोच." असें म्हणून त्यानें माझ्या बुटांकडे पाहिलें व हे किती दिवस टिकतात तें विचारलें. त्याचा पाय माझ्याहून एका मापानें मोठा निघाला, नाहीं तर ते तेथेंच त्याचे झाले असते.

काकूंच्या यादीप्रमाणें मिरची घेतली ती त्याच पथारीवरून. चांगली चांगली त्यानेंच निवडून दिली, देठही काढले, आणि त्याचे पैसे घेण्यास साफ नकार दिला. मीं ते सरांपाशीं ठेवून निघालों.

गेल्या महिन्यांत सरांचा फोन आला. आजीच्या नातीनें आठशें मीटर पूर्ण गुणांच्या वेळेंत काढले. मुलाला सोळाशें मीटरांस पांच मिनिटें चौदा सेकंद लागले. कांहीं गुण गेले, पण गोळाफेकींत भरून आले. यादी अद्याप लागलेली नाहीं. देठांचे पैसे त्यांनीं त्या दिवशींच्या त्याच्या जाण्यायेण्याच्या भाड्याला दिले.