पोचवायला गेलेल्यांची पिढी

पूर्वी परदेशी जाणं ही बातमी असायची, आता ते स्टेटस असतं. बातमी खरोखर छापून यायची. शहरातल्या पेपरच्या आतल्या पानावर, बाजारभाव आणि निधनवार्ता यांच्या मधे, टाय बांधलेला चौकोनी फोटो आणि खाली 'उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला रवाना'. ते कात्रण घरच्यांनी जपून ठेवायचं आणि शेजाऱ्यांनी वाचून नाक मुरडायचं. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसलं जातं, ते बरंच आहे. तोवर दुसऱ्या कुणाचं तरी बाकूहून आलेलं असतं.

साठीच्या आगेमागे असलेले आम्ही नागपूरकर या विषयावर बोलायला बसलो की हळवे होतो. पण खरं सांगायचं तर ज्या दिवसांच्या आठवणी आम्ही काढतो, त्या दिवसांत आमच्यातलं कुणी परदेशी गेलंच नव्हतं. आम्ही पोचवायला गेलो होतो. जाणारे दुसरेच: धंतोलीतले डॉक्टर, व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजातून पास झालेला एखादा हुशार मुलगा, आखातात नोकरी लागलेला फिटर. आमचा परदेशप्रवास फलाटावर सुरू व्हायचा आणि फलाटावरच संपायचा. तेव्हा पुढचं सगळं थोडं तिखटमीठ काढूनच वाचावं.

त्यातून आमचं गाव असं, की झिरो माइलपाशी हैदराबाद, चांदा, जबलपूर, बैतूल यांची अंतरं कोरलेली; समुद्राचा पत्ता नाही. देशाच्या मध्यावर राहिलं की सगळं सारखंच जवळ असतं असं म्हणतात. परदेशी निघालेल्याला ते सारखंच लांब असतं. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून उडून मध्यरात्री सोनेगावला जमायची आणि पिशव्यांची अदलाबदल करून परत जायची. देशभरची पत्रं नागपूर बघून गेली. नागपूरकर तेव्हा घरी झोपलेला होता.

आता त्याच सोनेगावच्या विमानतळाच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' आहे, शेजारच्या मिहान प्रकल्पाच्या नावातही आहे. दोहा-शारजाची गोष्ट वेगळी, पण बँकॉकला जायचं तर अजूनही आधी दुसरं गाव गाठावं लागतं. फरक इतकाच की घरातली मुलगी जेवता जेवता सगळ्या वाटा मांडून दाखवते. कोलकात्याहून तिकीट स्वस्त पडतं, पण तिथवर गीतांजलीनं एक रात्र. मुंबईहून वेळा बऱ्या, पण मग दादरच्या मावशीकडे उतरायचं की तिला कळू द्यायचं नाही, हा प्रश्न. आणि आता समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून घरातल्या एकाला ७०१ किलोमीटर गाडी हाणत जायची खुमखुमी असतेच. सप्टेंबरात जाऊ, तिकडे पावसाळा असतो म्हणून हॉटेलं उतरतात, असं ती म्हणते. आई म्हणते, मेमध्ये जाऊ, निदान इथल्या शेहेचाळीस अंशांतून तरी सुटू. हा वाद मात्र जुनाच आहे. पूर्वी तो पचमढीवरून व्हायचा.

पैशाचं तर विचारूच नका. १९७० च्या सुमारास परदेशी निघालेल्या माणसाला ८ डॉलर सोबत नेता यायचे. आठ. तेही सरकार देत नव्हतं, विकत घ्यायची परवानगी देत होतं. पुढे ते ५०० झाले, पण दरवर्षी नाहीत. मग तिकडच्या आत्याच्या दिरानं तिकडे डॉलर द्यायचे आणि इकडे आपण त्याच्या आईला महाल भागात जाऊन रुपये मोजून द्यायचे. कायद्याला हे चाललं नसतं, पण त्या म्हातारीला दर महिन्याला कुणीतरी भेटायला जायचं, चहा प्यायचं, तिचं गुडघ्याचं गाऱ्हाणं ऐकायचं. १९९१ मध्ये तर देशानंच सोनं गहाण टाकलं, तिथे आम्ही डॉलर मागायचे कुणाकडे?

आता माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात. सरकारची मर्यादा लागण्याच्या कितीतरी आधी आमची लागते, एवढंच. प्रवासी धनादेशावर बँकेत एक आणि तिकडे एक अशा दोन सह्या जुळवताना हात कापायचा. आता फॉरेक्स कार्ड नुसतं टेकवायचं. २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटाला यूपीआय चालू झाल्याचं वाचलं, तेव्हा आमच्या एका मित्रानं विचारलं, "पण तिथवर जायला?" व्हिएतनामची गोष्ट त्याहून गोड. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात आणि त्यांची सर्वांत मोठी नोट पाच लाखांची. जन्मभर डॉलरपुढे मान खाली घातलेला नागपूरकर हनोईत कॉफी प्यायला बसतो आणि खिशातून लाखाची नोट काढतो. ही श्रीमंती खोटी आहे हे त्याला ठाऊक असतं, तरी फोटो काढतोच.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस यायचा, तेव्हा गल्लीला आधी वाटायचं की काहीतरी भानगड आहे. मग दोन शेजाऱ्यांचे जबाब. ज्यांच्याशी नळाच्या पाण्यावरून अबोला, त्यांच्याच तोंडून आपलं चारित्र्य चांगलं आहे असं वदवून घ्यायचं. त्यासाठी आधी समेट करावा लागायचा. आता नोंदणी फोनवरून होते, २०१७ पासून पोस्टातही पासपोर्टची केंद्रं निघाली, आणि शेजाऱ्याशी अबोला असला तर तो तसाच राहतो. जुनं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. दहावी न झालेल्या फिटरला, गवंड्याला पासपोर्टवर 'ईसीएनआर'चा, म्हणजे परदेशी कामाला जायला वेगळी परवानगी नको असा, शिक्का मिळायचा नाही आणि त्याचे हेलपाटे कुठल्याच पेपरात छापून यायचे नाहीत. आज थायलंड आणि मलेशिया भारतीयांकडे व्हिसा मागत नाहीत, दोघांनीही २०२३ च्या अखेरीस दार उघडलं. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरमध्ये घरबसल्या येतो. हे ऐकून ज्याला वाईट वाटत असेल त्यानं मुंबईतल्या वकिलातीबाहेर कधी रांग लावलेली नसावी.

माहिती मिळवणं म्हणजे तेव्हा गाठीभेटी असायच्या. लक्ष्मीनगरात कुणाचे तरी साडू सिंगापूरला जाऊन आले असं कळलं, की ओळख काढून, वेळ घेऊन, संत्री घेऊन जायचं. साडू दोन तास बोलायचे, त्यातला पाऊण तास विमानातल्या संडासावर. तिथे रस्त्यावर थुंकलं तर दंड होतो, हे ते आवाज खाली आणून सांगायचे आणि तोंडात खर्रा धरून बसलेले ऐकणारे एकदम गंभीर व्हायचे. साडूंची माहिती जुनी असायची, अर्धी चुकीची असायची, आणि साडूंना तिच्याबद्दल तिळमात्र शंका नसायची. त्याला जोड म्हणून वाचनालयातून पु. लं.चं 'पूर्वरंग' आणायचं. पुस्तक साठच्या दशकातलं, आम्ही ते ऐंशीच्या दशकात वाचायचो, आणि कुठेही न जाता परत करायचो.

आता हनोईच्या गल्लीत उभा राहून एक तिशीतला पोरगा चक्क मराठीत सांगतो, की या कोपऱ्यावर अंडं नसलेला पाव मिळतो, तिथे मिळत नाही, आणि टॅक्सीवाल्याला आधी भाव विचारा. मुलगी ते दुप्पट वेगानं बघते. माहिती कालची असते, नकाशावर खूण असते, खाली शंभर जणांनी ताडून पाहिलेलं असतं. साडूंचे दोन तास वाचले याचं सुख आहेच. पण साडू तुम्ही परत यायची वाट बघायचे. स्वतःच्या सांगण्यातलं काय काय खरं निघालं ते त्यांना ऐकायचं असायचं.

या दोहोंच्या मधे गट-सहलींचा काळ येऊन गेला. केसरी टूर्सची सुरुवात १९८४ ची, पण आमच्यापर्यंत ते वारं पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. सिंगापूर-मलेशिया-थायलंड, ही मध्यमवर्गाची पहिली परदेशवारी. निवृत्तीचे पैसे हातात आले की तीन गोष्टी व्हायच्या: मुलीचं लग्न, वरचा मजला आणि हा दौरा. सहा-सात-आठचा हिशेब असायचा. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. बँकॉकमध्ये वरण-भात, क्वालालंपूरमध्ये पुन्हा वरण-भात. पेट्रोनासचे मनोरे मागे आणि पुढे चाळीस माणसं पांढऱ्या टोप्या घालून. आम्ही त्या टोप्यांना फार हसलो. आज वाटतं, बाकी सगळं सोडा, त्या बसमध्ये शेवटच्या बाकावर अंताक्षरी खेळणारे गोंदियाचे मास्तर आणि सांगलीची परिचारिका एकमेकांना दुसऱ्या कुठल्या वाटेनं भेटली नसती. स्वस्त आणि स्वतंत्र प्रवासात आपण आपल्याच माणसांबरोबर जातो आणि त्यांच्याशीच भांडून परत येतो.

सामानाचं वजन किराणा दुकानात व्हायचं. एरवी तांदळाचं पोतं चढायचं त्या काट्यावर बॅग चढायची, आणि साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही मत द्यायचं.

"ते लोणचं काढा काकू, दीड किलो हलकं होईल."

काकू मुलाचा स्वेटर काढायच्या. लोणचं राहायचं.

आता स्वस्त तिकिटात सात किलोची हातबॅग तेवढी मिळते आणि घरोघरी आकड्याला लटकवायचा छोटा काटा आहे. गरम पाणी ओतलं की पोहे होतात अशी पाकिटं आहेत. त्यावर तर्री मिळत नाही, ते सोडा.

आणि मग स्टेशन. संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस, एक जाणारा आणि तीस पोचवणारे. फलाट तिकिटं काढणारा एक मामा ठरलेला. आजीनं घरीच हातावर दही घातलेलं असायचं, तरी ती फलाटावर पुन्हा एकदा कुंकू लावायची. गळ्यात इतके हार, की मुलाला आपलं सामान दिसायचं नाही. कुणी न्यू जर्सीतल्या भाच्यासाठी पाकीट द्यायचं, कुणी ह्यूस्टनमधल्या पुतणीसाठी मुगाचे पापड. मुलगा निघालेला असायचा मिशिगनला, पण अमेरिका केवढी आहे याचा अंदाज देणाऱ्यालाही नसायचा आणि घेणाऱ्यालाही. "तिकडे गेलाच आहेस तर देऊन ये," एवढं साधं होतं ते. गाडी हलली की चार जण खिडकीबरोबर धावायचे. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग सगळी वरात सीताबर्डीवर येऊन चहा आणि आलूबोंडे खायची. जाणारा वर्ध्याला पोचण्याआधी आमच्या गप्पा मुलाच्या लग्नावर आलेल्या असायच्या.

ते प्रेम होतं की निव्वळ कुतूहल, हे आता ठरवता येत नाही. तिसांतल्या निम्म्यांना विमानाचं तिकीट कसं दिसतं तेवढंच बघायचं असायचं. आणि त्या फलाटावर रडणं खरंही असायचं, कारण गेलेलं माणूस पुन्हा केव्हा दिसेल ते ठाऊक नसायचं. लग्नानंतर पंधरा दिवसांत अनोळखी नवऱ्याकडे निघालेली पोर ओक्साबोक्शी रडायची आणि आम्ही तिला नशीबवान म्हणायचो. इकडे बाप गेला तर तार पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. त्या हारांची किंमत ही होती. ती पुन्हा मोजायला आमच्यातलं कुणी तयार होणार नाही.

आता पहाटे चारला टॅक्सी येते. नागपूर सोडताना आपल्याशी बोलणारा शेवटचा माणूस ओटीपी विचारतो. वॉचमन झोपेतच गेट उघडतो. कुणाला बोलवावं असंही वाटत नाही. चार-पाच रात्रींसाठी कोण कुणाला पोचवतं? घरच्यांना लाइव्ह लोकेशन दिलं की झालं. विमानातला एक विधीही गेला. पूर्वी उतरण्याआधी सगळ्या विमानात पेन फिरायचं. एक पेन, आठ माणसं, आणि "भाऊसाहेब, इथे काय लिहायचं?" आपल्याकडचं जातानाचं कार्ड जुलै २०१७ मध्ये बंद झालं, थायलंडचं मे २०२५ पासून फोनवर भरायचं असतं. अनोळखी माणसाचा पासपोर्ट हातात घेऊन त्याची जन्मतारीख त्याच्या कार्डावर लिहून देणारा भाऊसाहेब बेकार झाला. त्याला दुःख झालं असेल असं नाही. त्याचं पेन मात्र कधीच परत यायचं नाही.

परतल्यावरची कथाही तशीच. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन यायला आठवडा, त्यात अकरा हललेले, आणि ते बघायला घरभर माणसं. आता आपण परत येण्याआधीच सगळ्यांनी सगळं बघितलेलं असतं. पूर्वी बँकॉकच्या आकाशगाडीचं वर्णन डोळे विस्फारून ऐकलं गेलं असतं, आता २०१९ पासून आपल्याच डोक्यावरून मेट्रो धावते आणि बघणारा म्हणतो, "हे तं आपल्या वर्धा रोडसारखंच दिसून राहिलं." साबण, सेंट, कॅल्क्युलेटर यांतलं काही आणायचं म्हटलं तर तेच इथे ऑनलाइन स्वस्त मिळतं. त्यामुळे काय पाहिलंत, हे कुणी विचारत नाही. मागच्या महिन्यात आमच्याच इमारतीतलं एक जोडपं हो चि मिन्ह सिटीहून आलं. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकांनी त्यांना गाठलं.

"कितीत पडलं?"

त्यांनी आकडा सांगितला. विमान, हॉटेल, व्हिसा, सगळं धरून. थोडा कमीच करून सांगितला असावा.

काकांनी मान हलवली. "घाई केली बाप्पा तुम्ही. आमच्या जावयाला याच्या पाऊणपटीत पडलं."