पाटी रंगवण्याआधी

डोंबिवली (पूर्व),
9 जून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा निरोप मिळाला. ‘मावशी, पाळणाघराची पाटी रंगवायला द्यायची आहे, वेळ 8 ते 7 लिहू की 7 ते 7?’ एवढंच विचारलंस. फोनवर दोन मिनिटांत काहीतरी सांगून टाकता आलं असतं, पण तू हा उद्योग बदलापुरात, स्वतःच्या घरात आणि लेक लहान असताना सुरू करते आहेस. म्हणून सविस्तर लिहिते. एका बैठकीत वाचून होणार नाही, पण वाच.

माझी पहिली पाटी 1994 सालची. सकाळी 8 ते संध्याकाळी 6.30. साडेसहा कुठून आले, तर तुझ्या काकांच्या हिशेबातून. फोर्टातलं ऑफिस साडेपाचला सुटतं, फास्ट गाडीला तासभर, झाले साडेसहा. कागदावर अगदी बरोबर. पहिल्या महिन्यात साडेसहाला एकही आई आली नाही. साडेसात वाजायचे. मी मनातून चिडायचे, दार उघडताना माझा चेहरा आंबट असायचा, आणि त्या बायका घामाघूम होऊन ‘सॉरी काकू, सॉरी काकू’ करत चप्पल न काढताच मूल उचलायच्या.

सहा महिन्यांनी एका आईबरोबर मी मुद्दाम तिच्या ऑफिसपासून घरापर्यंत आले. मला मुंबईत काम होतं, परतताना तिला गाठलं. साडेपाचला खुर्चीतून उठली तरी जिना उतरून रस्त्यावर यायला पाच-सात मिनिटं. व्हीटीपर्यंत चालत बारा. इंडिकेटरवर जी गाडी होती तिच्या लेडीज डब्यात पाय ठेवायलाही जागा नव्हती, ती सोडली. पुढचीत चढलो. तास-सव्वा तास उभ्याने. डोंबिवलीला उतरल्यावर त्या पुलावर इतकी गर्दी, की आपण चालत नसतो, आपल्याला ढकलत नेलं जातं. मग रिक्षाची रांग. वाटेत तिने अर्धा लिटर दूध आणि मेथीची जुडी घेतली, त्याला तीन मिनिटं. माझ्या दारात आलो तेव्हा सात पंचवीस झाले होते. ती बाई वाटेत एक मिनिटसुद्धा रेंगाळली नव्हती. उशीर तिचा नव्हताच, माझी पाटी खोटी होती. सहा महिने मी रोज संध्याकाळी एका निर्दोष माणसावर रागावत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर मी वही घातली. साधी शंभर पानी. रोज कोणतं मूल किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, एवढंच. महिनाभराने पानं चाळली तर एक गोष्ट लख्ख दिसली. आया एकेकट्या येत नाहीत, घोळक्याने येतात, कारण गाड्या घोळक्याने माणसं सोडतात. शाळेतल्या शिक्षिका दुपारी दीडला. इथल्याच बँकांमधल्या सव्वासहाला. ठाण्याला नोकरी असलेल्या सात वाजायच्या आत. आणि फोर्ट-चर्चगेटवाल्या सात वीस ते सात पन्नास या अर्ध्या तासात सगळ्या. माझं घड्याळ भिंतीवर होतं, पण माझा दिवस मध्य रेल्वे चालवत होती.

तेव्हापासून नाव नोंदवायला येणाऱ्या आईला ‘किती वाजता न्याल?’ हा प्रश्न मी विचारलाच नाही. त्याला प्रत्येक आई तिच्या मनात असलेली वेळ सांगते, खरी नव्हे. मी दोन प्रश्न विचारायचे. रोजची गाडी कुठली? आणि ती चुकली तर पुढची कुठली? दुसऱ्या उत्तरावर मुलाची वेळ लिहायची. तुमच्या बदलापूरला तर हे दुप्पट महत्त्वाचं. डोंबिवलीला एक गाडी गेली तर मागून दुसरी येते. बदलापूर गाडी गेली की बाई कल्याणपर्यंत मिळेल त्या गाडीने येते आणि तिथे फलाटावर पुन्हा ताटकळते. तिच्या ‘पावणेसात’चा अर्थ आठवड्यातून दोनदा साडेसात असणार, हे तू आधीच धरून चाल.

आता उशिराच्या पैशांबद्दल. तू तो प्रश्न विचारला नाहीस, पण पहिल्या महिन्यातच विचारशील. 1997 साली मी जाहीर केलं, ठरल्या वेळेनंतर दर अर्ध्या तासाला दहा रुपये. वाटलं, आता शिस्त लागेल. झालं भलतंच. पूर्वी गाडी रखडली की आया ठाण्याला उतरून पीसीओवरून फोन करायच्या, ‘काकू, अजून ठाण्यातच आहे, रडत नाही ना?’ ते फोन बंद झाले. ‘सॉरी काकू’ही बंद झालं. दहा रुपये ओट्यावर ठेवायचे आणि मूल न्यायचं. एकीने तर वाटेत भिशीला जाऊन यायला सुरुवात केली, आणि मला बोलायला तोंड राहिलं नाही, कारण मी पैसे घेतले होते. तीन महिन्यांनी मी तो नियम काढून टाकला. तरी फोन काही पहिल्यासारखे सुरू झाले नाहीत. नवीन बॅच येईपर्यंत ती गेलेली माया परत आली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी एक आई माझ्याकडे मूल ठेवायची. तिला मी हे सांगितलं तर ती थक्क झाली. म्हणाली, काकू, यावर मोठा अभ्यास झालाय. इस्राएलमधल्या हैफा शहरात नीझी आणि रुस्तिकिनी या दोघा अभ्यासकांनी दहा पाळणाघरं वीस आठवडे पाहिली होती. त्यातल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाली, आणि दंड काढल्यावरही ती खाली आली नाही. 2000 साली तो निबंध छापून आला. तिने त्यातली गोष्ट मला समजावली तेव्हा मी भाजी चिरत होते. हात थांबला. हजारो मैलांवरच्या आयांनीही तेच केलं होतं. दंड भरला की माणसाला वाटतं, आपण वेळ विकत घेतली.

म्हणून दंड लावू नकोस. पण फुकटही थांबू नकोस, हे तितकंच कळकळीने सांगते. मी शेवटी दोन वेळा ठेवल्या होत्या. साडेसहापर्यंतची मुलं आणि आठपर्यंतची मुलं. आठपर्यंतच्या मुलांची महिन्याची फी जास्त, आणि ती महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेली. आई एखाद्या दिवशी सातला आली तरी तेवढीच, आठला आली तरी तेवढीच. त्यात तिला अपराधी वाटायचं कारण नाही आणि मला दारात आंबट चेहरा करायचं कारण नाही. ती माझ्या श्रमाची मजुरी असते. आठनंतर मात्र पैशाची भाषा नाही. आठनंतर फोन यायलाच हवा.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते. शेवटचं मूल.

संध्याकाळी सहा-सव्वासहाला मुलांचं खेळण्यातलं लक्ष उडतं. दिवाबत्तीची वेळ झाली की त्यांचे कान दाराकडे लागतात. लोखंडी फाटकाची कडी वाजली की सगळी माना वळवतात. त्यातल्या एकाची आई असते, बाकीच्यांची नसते. कडी वाजत राहते, मुलं कमी होत जातात. माझ्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई पावणेआठला यायची. सकाळी सोडताना ती त्याला सांगायची, ‘आई सहाला येणार हं.’ सहा म्हणजे काय ते त्याला कळत नव्हतं, पण दिवे लागले की सहा, हे त्याने स्वतःशी ठरवलं होतं. मी समईला हात लावला की तो चपला घालून, पाठीला पिशवी अडकवून उंबऱ्याशी बसायचा. पावणेदोन तास. रडायचा नाही. रडला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या मुलाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, मुलाला घड्याळाची वेळ सांगायची नाही, दिवसाचा क्रम सांगायचा. दूध झालं की अंगण, अंगणानंतर हातपाय धुऊन शुभंकरोति, मग वरणभात, मग गोष्ट, आणि गोष्टीत कुठेतरी आई. त्याच्या आईलाही मी तेच बोलायला लावलं. आठवड्याभरात पिशवी खुंटीवर राहू लागली. आणि दुसरी, उशिरापर्यंत एकच मूल कधी ठेवायचं नाही. आठपर्यंतची दोन तरी हवीत, तीन असली तर उत्तम. दोन मुलं असली की ती खेळतात, एकटं असलं की वाट पाहतं. एकच आई उशिराची असेल आणि दुसरी मिळत नसेल, तर तिला नाही म्हण, किंवा तुझ्या लेकीला त्याच्यासोबत जेवायला बसव. पण त्याला रिकाम्या खोलीत शेवटचं ठेवू नकोस.

उशिराच्या मुलांना सातला जेवायला घाल. मऊ भात, वरण, तूप, लिंबू, जमलं तर एखादी भाजी. दमून आलेल्या आईच्या कडेवर जेवलेलं मूल द्यायचं. मग तिला घरी गेल्यावर त्याच्याशी खेळायला अर्धा तास तरी मिळतो, नाहीतर तो कुकरच्या शिट्ट्यांत जातो.

आणखी एक विचारत जा, वडील कुठे असतात? न्यायची वेळ आपण सगळेच आईला विचारतो, मीही दहा वर्षं तेच केलं. एकदा एका बाईशी बोलताना सहज कळलं की तिचा नवरा इथल्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला आहे, तीनला सुटतो. मग तो चारला मुलीला का नेत नाही? ‘त्यांना कोणी सांगितलंच नाही,’ ती म्हणाली. मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवर यायचा आणि पोर दांडीवर बसून जायची. त्या मुलीचा माझ्याकडचा दिवस साडेतीन तासांनी कमी झाला. तिला तेव्हा दोन वर्षं पूर्ण व्हायची होती. त्या वयात साडेतीन तास ही फार मोठी गोष्ट आहे.

तू विचारशील, आता ऑफिसांतच पाळणाघरं असायला हवीत ना? कायदा आहे. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यावं, असंही त्यात आहे. कायदा चांगला आहे, मनापासून चांगला आहे. पण वर्षाचं मूल छातीशी धरून सकाळी आठच्या गाडीत बदलापूरहून कोण चढेल? म्हणून उपनगरातल्या बाईला घराजवळचंच पाळणाघर लागतं, आणि घराजवळच्या पाळणाघराला ऑफिसच्या नऊ तासांवर दोन्ही बाजूंचा प्रवास उचलावा लागतो. बारा तास होतात. ते एकटीने पेलवत नाहीत. मी पहिली चार वर्षं एकटीने केलं आणि तुझा दादा त्या काळात संध्याकाळी माझ्याशी बोलेनासा झाला होता, कारण माझी मांडी कधी रिकामीच नसायची. दुपारी दोन ते आठ कुणीतरी सोबतीला घे. पगार दे. तो पगार फीमध्ये धरूनच फी ठरव.

पावसाबद्दल शेवटी लिहिते, कारण तो येऊन ठेपला आहे. 26 जुलै 2005, मंगळवार. दुपारनंतर गाड्या थांबल्या. सांताक्रूझला त्या एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे आपण नंतर वाचलं. त्या संध्याकाळी आम्हाला एवढंच माहीत होतं की वीज नाही, मोबाइल लागत नाहीत आणि घरात पाच मुलं आहेत. रात्री त्यांना एका गोधडीवर आडवं झोपवलं. सर्वांत लहान अकरा महिन्यांचं होतं आणि त्याची दुधाची पावडर एकाच वेळेपुरती उरली होती. शेजारच्या वहिनींनी काळोखात चार मजले फिरून डबा मिळवला. एक आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली, रुळांवरून चालत, हातात चपला घेऊन. तिने मुलाला घेतलं आणि माझ्या ओट्याला टेकून नुसती बसली. मी चहा ठेवला. दोघींनाही काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक मुलामागे माझ्याकडे चार गोष्टी असायच्या. चालत येऊ शकेल अशा दुसऱ्या माणसाचं नाव आणि फोटो, कपड्यांचे दोन जोड, दोन दिवसांचं दूध किंवा पावडर, आणि चालू औषधाची चिठ्ठी. तुमच्याकडे उल्हास नदी आहे. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पाण्यात अडकली होती, हे तू स्वतः पाहिलं आहेस. हे सामान जून संपायच्या आत भरून ठेव.

पाटीवर काय लिहायचं, हे मी अजून सांगितलेलं नाही, कारण ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पेंटरला थांबव. आधी नाव नोंदवलेल्या पाचही घरांना त्यांची गाडी आणि पुढची गाडी विचार, वडिलांची पाळी विचार, आणि महिनाभर रोज वही लिही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी मेगाब्लॉक नसला तर मी सकाळीच येते. वही काढून ठेव, आपण दोघी बसून वेळ ठरवू.

लेकीला गोड पापा.

तुझी,
मावशी