तोंडी विनवणी नको, लेखी तक्रार करा

शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून सोलापुरातल्या एका महाविद्यालयाने आमची टी.सी. अडवली होती. आम्ही महिनाभर कारकुनाच्या खिडकीशी हात जोडले, पण एकही अर्ज दिला नाही. एम.ए.चे एक वर्ष हुकले आणि आमच्याकडे पुरावा शून्य!

आज यूजीसीचे २०२३ चे विनियम आहेत. अडवलेली कागदपत्रे, रखडलेली शिष्यवृत्ती, जातीय भेदभाव, सगळे त्यात येते. महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच. समितीने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय अमान्य असेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करा.

बाबासाहेबांनी हक्क कायद्यात लिहून घेतले. आपण निदान अर्ज तरी लिहूया. जय भीम!