वाघाच्या वाटेवरचा नवरंग

आम्ही ताडोब्यास गेलों तें वाघ पाहावयास, हें आधींच कबूल केलेलें बरें. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालेल्या या चंद्रपूरकडच्या अरण्याचा गाभा पावसाळ्यांत पाहुण्यांस बंद असतो. जूनचे चारच दिवस उरले होते, आणि खर्चिलेल्या पैशांची वसुली आम्हीं मनांतल्या मनांत वाघांतच मांडली होती.

बरोबर आठ वर्षांची नात होती. एका वळणावर जीप मंदावली तोंच तिनें आमची बाही ओढली. "आजोबा, बघा ना, पाचोळ्यांत कोण उड्या मारतंय!" आमचे कान चितळाच्या इशाऱ्याकडे लागले होते. "गप! तुझ्या आवाजानें वाघ जाईल," आम्ही बोलून गेलों. कांहींतरी हिरवें-तांबडें बांबूंत शिरलेलें तेवढें दिसलें. पुढें दोन तासांनीं गवत हललें आणि वाघाची पाठ क्षणभर दिसली. सारे उभे राहिले. ती मात्र उठलीसुद्धां नाहीं.

रात्रीं तिनें चित्रांच्या पुस्तकांतील एका पानावर न बोलतां बोट ठेवलें. तो नवरंग होता. मैनेहून लहान, शेपूट आंखूड. पाठ हिरवी, खांद्यावर निळा डाग, डोळ्यावरून काळी पट्टी, गळा पांढरा आणि पोटाखालीं कुंकवासारखा लाल रंग. हिवाळा दक्षिणेंत व सिंहलद्वीपांत काढून हा पावसाबरोबर मध्य हिंदुस्थानांत घरटें बांधावयास येतो. म्हणजे पाहुण्यांची पाठ फिरण्याच्या सुमारास याचा संसार सुरू! पहाटे व तिन्हीसांजेस शीळ घालतो, म्हणून तमिळ लोक त्यास 'सहा वाजतांचें पाखरूं' म्हणतात.

दुसऱ्या दिवशीं आम्हींच वाटाड्यास सांगितलें, पांखरांसाठीं थांबा. तो प्रथम चकित झाला, मग खुलला. वठलेल्या फांदीवर वेडा राघू होता. झेपावून त्यानें माशी पकडली, फांदीवर आपटून आपटून तिची नांगी निकामी केली आणि मगच गिळली. एवढ्या शहाण्या पक्ष्यास वेडा कोणीं ठरविलें कोण जाणे! तांबट कपाळीं लाल टिळा लावून अखंड टुक्-टुक् करीत होता. निखारांचें जोडपें शेंड्यांवरून गेलें. नराच्या छातीवर विस्तव, मादीच्या अंगावर हळद. शिंजीर सावलींत काळा कोळसा वाटला, पण उन्हांत येतांच जांभळा-निळा झळकला. ही झळाळी रंगद्रव्याची नव्हे, पिसांच्या घडणीवर उजेड खेळतो त्याची. हें सारें आम्ही नातीस उत्साहानें समजावीत होतों. ती "हं" म्हणे. काल हांका मारून दाखविणारी पोर आज आम्हीं दाखविलेलें तेवढेंच पाहत होती. नवरंग कोठेंच दिसला नाहीं.

संध्याकाळीं विश्रामगृहाच्या ओसरीवर बसलों होतों. पावसाची एक सर येऊन गेली होती. अंधारूं लागलें तोंच कुंपणापलीकडच्या बांबूंतून शीळ आली. दोनच सूर, स्वच्छ आणि मोठे. आम्ही लगबगीनें बोलूं लागलों, "ऐकलंस का, हाच तो—"

तिनें ओठांवर बोट ठेवलें. "गप, आजोबा!" ती कुजबुजली, आणि बांबूंवरची नजर न काढतां दुसऱ्या हातानें आमची बाही धरली.