डब्यातले पैसे आणि न सांगितलेलं कर्ज

८ नोव्हेंबर २०१६ आठवतंय ना? नोटाबंदी जाहीर झाली आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत डाळीच्या डब्यातून, साड्यांच्या घडीतून पाचशे-हजाराच्या नोटा बाहेर निघाल्या. बातमीसाठी बँकेच्या रांगेत फिरत होतो. एक मावशी पदराखाली पुरचुंडी धरून म्हणाल्या, "दादा, फोटोत घेऊ नका. मालकांना माहीत नाही." शिवणकामातून साठवलेले अठरा हजार होते. लोकांनी 'बायकांचा काळा पैसा' म्हणून विनोद केले. शेवटी सरकारलाच सांगावं लागलं, की गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही.

नवरे काय लपवतात, यावर मात्र कुणी विनोद करत नाही.

वीस वर्षं तालुक्यात बातमीदारी करतोय. बायकोनं लपवलेले पैसे पोराच्या फीला, सासूच्या ऑपरेशनला, पेरणीच्या बियाण्याला गेलेले पाहिलेत. नवऱ्यानं लपवलेलं बहुतेक वेळा कर्ज असतं. सावकाराचं, हातउसनं, तिचंच सोनं गहाण टाकून काढलेलं, आणि आता मोबाईलच्या अ‍ॅपवरचं. शेतकरी आत्महत्येच्या बातमीला गेलो आणि कर्ज किती होतं विचारलं, की घरातली बाई बऱ्याचदा एवढंच म्हणते, "मला काही बोलले नाहीत." खरा आकडा तिला तेराव्यानंतर कळतो, वसुलीवाल्याच्या तोंडून.

"उगाच काळजी नको म्हणून सांगितलं नाही," असं आपण पुरुष म्हणतो. काळजी टळत नाही. उशिरा येते आणि तिच्या एकटीच्या वाट्याला येते.

म्हणून या रविवारी एक वही घ्या. कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं, सोनं कुठं ठेवलंय, विमा, बँक खाती, नॉमिनी कोण, सगळं लिहा. दोघांनी सोबत बसून लिहा.

आणखी एक. माणूस गेल्यावर त्याचं कर्ज वारसांकडून वसूल होतं, ते त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच. बायकोची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर ते येत नाही. तेव्हा ताई, "इथं सही कर" म्हटलं की आधी कागद वाचा.

आणि दादा, वहीत पहिलं पान तुमचं असू द्या. तिच्या डब्याचं नंतर विचारा.